घरातल्या घरात मालक बदलताना

समजा, पुण्यात कोथरूडमध्ये एका आईच्या नावावर फ्लॅट आहे. सरकारी दरतक्त्यानुसार त्याची किंमत होते ८० लाख रुपये. आईने तो लेकीला बक्षीस दिला, तर मुद्रांक शुल्क होतं २०० रुपये. आता उलट बघू. फ्लॅट लेकीचा आहे, तिने स्वतःच्या पगारातून घेतलेला, आणि तिला तो आईच्या नावावर करायचा आहे. माणसं तीच दोघी, घर तेच, पैशाची देवघेव या वेळीही नाही. तरी मुद्रांक शुल्क होतं २ लाख ४० हजार. शिवाय दोन्ही वेळा त्यावर आणखी १ लाख ६० हजार रुपये भरावे लागतात.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात टोकन घेऊन बसलेल्या कुटुंबांच्या बोलण्यात हा प्रश्न हमखास निघतो. घरातल्या घरात नाव बदलायचंय, कुणी काही विकत नाही, मग एवढे पैसे कशाचे? आणि शेजारच्या बाकावरच्या मंडळींचं पाचशेत कसं काय झालं? या प्रश्नांचं उत्तर बहुतेक जण नात्यात शोधतात. नात्याचा वाटा त्यात आहेच, पण तो नंतर येतो. आधी येतो कागद.

शुल्क कागदावर लागतं

मुद्रांक शुल्क मालमत्तेवर लागत नाही आणि ती एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यावरही लागत नाही. ते लागतं हा बदल घडवणाऱ्या लेखी कागदावर, म्हणजे दस्तावर. ही पद्धत मूळची हॉलंडमधली, १६२४ सालची. इंग्लंडने ती उचलली आणि इंग्रजांबरोबर ती इकडे आली. भारतीय मुद्रांक अधिनियम १८९९ चा. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९५८ चा, पूर्वी मुंबई मुद्रांक अधिनियम म्हणून ओळखला जाणारा. या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत दस्तांचे प्रकार एकाखाली एक दिलेले आहेत आणि प्रत्येकापुढे त्याचा दर आहे. विक्रीचं खरेदीखत अनुच्छेद २५ मध्ये, बक्षीसपत्र ३४ मध्ये, वाटणीपत्र ४६ मध्ये, हक्कसोडपत्र ५२ मध्ये. कुटुंबातल्या व्यवहारांचा बहुतेक सगळा खेळ या चार अनुच्छेदांत होतो.

पुण्याहून साताऱ्याला जायचं असलं तर अंतर सगळ्यांना सारखंच, पण तिकीट ठरतं तुम्ही साध्या एसटीत बसता की वातानुकूलित गाडीत यावर. मालमत्तेचंही तसंच. वडिलांचं घर मुलाकडे जाणं हा प्रवास एकच आहे. तो विक्रीने झाला तर एक दर, बक्षिसाने झाला तर दुसरा, इतर वारसांनी हक्क सोडून झाला तर तिसरा. आणि साध्या गाडीवर वातानुकूलितची पाटी लावल्याने ती वातानुकूलित होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. दस्ताला डोक्यावर काय नाव दिलंय याला कायद्यात फारसं महत्त्व नाही. आतल्या मजकुराने प्रत्यक्षात काय घडतंय, ते पाहून शुल्क ठरतं.

याचा फटका बसतो तो गृहकर्ज बाकी असलेल्या फ्लॅटला. वडिलांनी मुलाला 'बक्षीसपत्र' करून दिलं आणि आत लिहिलं, की उरलेलं २५ लाखांचं कर्ज यापुढे मुलगा फेडेल. बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेली गोष्ट. वडिलांच्या डोक्यावरचं कर्ज मुलाने घेणं हा मोबदलाच झाला. असा दस्त तपासणीत विक्रीसारखा धरला जाऊ शकतो आणि मग २०० रुपयांची सवलत हातची जाते. कर्ज असताना बँकेची परवानगी लागते ती वेगळीच.

दर टक्क्यांत असेल तर टक्के कशाचे? बाजारमूल्याचे. ते ठरवण्यासाठी नोंदणी व मुद्रांक विभाग वार्षिक मूल्यदर तक्ते काढतो. रोजच्या बोलण्यात त्यालाच रेडी रेकनर म्हणतात. विक्रीत करारातली किंमत आणि तक्त्यातली किंमत यांतली जी जास्त ती धरतात. बक्षिसात किंमतच नसते, त्यामुळे तक्ता हाच आधार.

हे सगळे दर महाराष्ट्राचे आहेत. मालमत्तेच्या दस्तांवरचे दर ठरवण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिला आहे. म्हणून उत्तर प्रदेशात कुटुंबातल्या बक्षीसपत्राला ५,००० रुपयांचं ठोक शुल्क आहे आणि आपल्याकडचं गणित निराळं. इंदूर, बडोदा किंवा बेळगावात घर असलेल्या मराठी कुटुंबांनी त्या त्या राज्याचा दर पाहायचा. मालक कुठे राहतो याला अर्थ नाही, मालमत्ता कुठे आहे ते बघतात.

दोनशे रुपये नेमके कुणासाठी?

महाराष्ट्रात बक्षीसपत्राचा मूळ दर खरेदीखताइतकाच आहे. महापालिका हद्दीत ५ टक्के. त्याला दोन अपवाद आहेत, आणि ते एकमेकांत मिसळून टाकल्यामुळे बहुतेक गोंधळ होतो.

पहिला अपवाद: पती, पत्नी, भाऊ, बहीण, तसंच सरळ रेषेतले पूर्वज किंवा वंशज यांना बक्षीस दिलं तर ३ टक्के. २०१७ पर्यंत हा दर २ टक्के होता. दुसरा अपवाद २०१५ साली आला: राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाच्या पत्नीला बक्षीस दिली तर फक्त २०० रुपये.

दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या की सुरुवातीचं कोडं सुटतं. दुसऱ्या यादीत मुलगी आहे, आई नाही. नात आहे, आजी नाही. भाऊ आणि बहीण दोघंही नाहीत. सवलत वरच्या पिढीकडून खालच्या पिढीकडे जाते, किंवा नवरा-बायकोत. लेकीचं घर आईला द्यायचं तर आई 'सरळ रेषेतली पूर्वज' म्हणून ३ टक्क्यांत बसते, २०० रुपयांत नाही.

सुनेचं उदाहरण तर थांबून पाहण्यासारखं आहे. मुलगा गेल्यावर सासूने सुनेला घर दिलं तर २०० रुपये. मुलगा हयात असताना त्याच सुनेला दिलं, तर ती दोन्हींपैकी कुठल्याच यादीत नाही, म्हणून पूर्ण दर. जावई, भाचा, पुतण्या, पुतणी यांचंही तेच. ज्या निपुत्रिक काकांना पुतण्याने वीस वर्षं सांभाळलं, ते काका त्याला घर देऊ लागले तर कायद्याच्या लेखी पुतण्या परकाच ठरतो.

मालमत्तेचा प्रकारही बघावा लागतो. घर आणि शेत यांपुरतीच ही सवलत आहे. बापाने मुलाला दुकानाचा गाळा दिला तर २०० नव्हे, ३ टक्के. खाली दुकान आणि वर घर अशा बाजारपेठेतल्या जुन्या इमारतींचा दस्त करताना दोन्ही भागांचं मूल्य वेगळं काढावं लागतं.

मालमत्ता आईबापांकडून मुलांकडे जाते, हे गृहीत धरून ही यादी बनलेली दिसते. चाळिशीच्या आत मुलंच घर घेतात आणि गावाकडच्या आईवडिलांना शहरात आणतात, हे आज शेकडो सोसायट्यांमधलं चित्र आहे. आईच्या नावावर घर असावं, तिला कुणाच्या दारात उभं राहावं लागू नये, असं वाटणाऱ्या मुलीला ३ टक्के भरायला लावणं अन्यायाचं आहे. अविवाहित किंवा परत आलेल्या बहिणीला भाऊ घर देऊ पाहतो तेव्हाही तसंच. २०० रुपयांच्या यादीत आईवडील आणि भावंडं यायला हवीत.

चलनावरचे आणखी दोन टक्के

'फक्त दोनशे रुपयांत बक्षीसपत्र' हे ऐकून आलेल्या माणसाला ई-चलनाचा आकडा पाहून धक्का बसतो. वर्तमानपत्रातली बातमी खरी असते, पण अपुरी.

मुद्रांक शुल्कासोबत अधिभार वसूल होतात, आणि त्यांना २०० रुपयांची सवलत लागू नाही. महापालिकांच्या कायद्यानुसार विक्री, बक्षीस आणि ताब्यासह गहाण या दस्तांवर १ टक्का अधिभार आहे. व्यापाऱ्यांवरचा स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, जीएसटी आल्यावर संपला, पण दस्तांवरचा हा १ टक्का कार्यालयात अजून एलबीटी म्हणूनच ओळखला जातो. त्याशिवाय पुणे, ठाणे, नागपूर यांसारख्या शहरांत मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी १ टक्का मेट्रो अधिभार. करोनाच्या काळात तो स्थगित होता, १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा सुरू झाला. मुंबईत हे दोन मिळून नव्हे, तर १ टक्काच लागतो. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा १ टक्का.

आता कोथरूडच्या फ्लॅटचा हिशेब मांडू. किंमत ८० लाख. आईकडून लेकीला: शुल्क २००, एलबीटी ८० हजार, मेट्रो अधिभार ८० हजार, एकूण १ लाख ६० हजार २०० रुपये. लेकीकडून आईला: २ लाख ४० हजार अधिक १ लाख ६० हजार, म्हणजे ४ लाख. हाच फ्लॅट एखाद्या पुरुषाला विकला असता तर ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार. महिलेने विकत घेतला असता तर राहत्या घरासाठी महिलांना असलेल्या १ टक्का सवलतीमुळे ४ लाख ८० हजार. तेच घर मुंबईत असतं आणि आईने लेकीला दिलं असतं, तर ८० हजार २०० मध्ये भागलं असतं. नोंदणी शुल्क या सगळ्याहून वेगळं: एरवी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये, २०० रुपयांच्या बक्षीसपत्राला तेही २०० रुपयेच.

बक्षीसपत्र लिहून कपाटात ठेवता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार स्थावराचं बक्षीस नोंदणीकृत दस्तानेच होतं, दोन साक्षीदार लागतात, आणि देणारा हयात असताना घेणाऱ्याने ते स्वीकारावं लागतं. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला गेला पाहिजे. मुस्लिम कायद्यात तोंडी बक्षीस, म्हणजे हिबा, वैध आहे. पण ते बक्षीस झाल्याचं नंतर कुणी लिहून ठेवलं, तर तो लेखच महाराष्ट्राच्या कायद्यात बक्षीसपत्र धरला जातो आणि त्यावर शुल्क लागतं. पुन्हा तीच गोष्ट: तोंडी देण्याला शुल्क नाही, लिहिण्याला आहे.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडसर आहे. वडिलांनी अमेरिकेतल्या मुलाला पुण्यातला फ्लॅट बक्षीस देणं परकीय चलन कायद्याला चालतं. शेतजमीन चालत नाही. अनिवासी भारतीयाला ती बक्षीस घेता येत नाही, वारसाने मात्र येऊ शकते. गावच्या जमिनीसाठी बक्षीसपत्राचा मसुदा करून घेतल्यावर हे कळलं की फार उशीर झालेला असतो.

हक्कसोडपत्र आणि बहिणीची सही

वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, एक मुलगा, एक मुलगी. गावच्या दप्तरी वारस नोंद झाली, सातबारावर तिघांची नावं लागली. हे होण्यासाठी मुद्रांक शुल्काचा एक पैसाही लागत नाही, कारण मालकी कागदाने आलेली नाही. मृत्यूबरोबर कायद्याने आपोआप आली आहे. फेरफार ही त्याची फक्त नोंद.

पुढची पायरी बहुतेक घरांत ठरलेली असते. आई आणि बहीण मुलाच्या नावे हक्क सोडतात. वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क आईवडील, भावंडं, मुलं, पती किंवा पत्नी यांच्या लाभात सोडला तर अनुच्छेद ५२ प्रमाणे शुल्क ठोक आहे. पूर्वी २०० रुपये होतं; ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने शंभर-दोनशेचे अनेक दस्त ५०० वर नेले, त्यात हेही आलं. एलबीटी नाही, मेट्रो अधिभार नाही. कोट्यवधींच्या जमिनीतला हिस्साही ५०० रुपयांच्या दस्तावर सोडता येतो. शेजारच्या बाकावरच्या मंडळींचं पाचशेत झालं ते यामुळे.

पण हक्क सोडता येतो तो असलेलाच, आणि सोडता येतो तो सहहिस्सेदाराच्या लाभात. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित घरातला 'हक्क' मुलगी सोडू शकत नाही, कारण तेव्हा तिला तो नसतोच. पुढे वारसा मिळेल ही आशा कायद्याने हस्तांतर करता येत नाही. अशा दस्तावर सही घेऊन ठेवणारे आहेत, आणि तो कागद नंतर टिकत नाही. तसंच, नवरा-बायकोने मिळून विकत घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित नव्हे. त्यातला अर्धा हिस्सा बायकोने हक्कसोडपत्राने दिला तर खरेदीखताचा पूर्ण दर लागतो. तोच बक्षीसपत्राने दिला तर २०० रुपये आणि अधिभार. एकच गोष्ट, दोन कागद, आणि मध्ये लाखांचा फरक.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, म्हणजे देशाच्या अकरा वर्षं आधी, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती भिंत पाडली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हा हक्क मुलीला जन्माने मिळतो. २००५ ची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायला हवेत अशी अट नाही.

एवढ्या लढ्याने आलेला हक्क तेराव्याच्या आठवड्यात एका सहीने जातो. बहिणीला गाडीने तालुक्याला नेलं जातं, फोटो निघतो, अंगठा यंत्रावर टेकवला जातो, दस्तातली ओळ कुणीतरी घाईने वाचून दाखवतं. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. कित्येक बहिणी समजून-उमजून, आनंदाने सोडतात, आणि तो त्यांचा अधिकारच आहे. पण कागद पाचशेचा आहे म्हणून सोडलेली गोष्टही तेवढ्याच किमतीची आहे असं तिला वाटू देणं चुकीचं आहे. कारण ही वाट एकाच दिशेची आहे. पाच वर्षांनी भावाला वाटलं, तिचा हिस्सा परत द्यावा, तर हक्कसोडपत्र चालत नाही. ती आता सहहिस्सेदार उरलेलीच नसते. त्याला बक्षीसपत्र करावं लागतं, आणि भावाकडून बहिणीला म्हणजे ३ टक्के, वर अधिभार. सोडायला पाचशे, परत द्यायला लाखो. बहिणीला सहीआधी हे माहीत असलं पाहिजे.

वाटणी केली तर

सगळ्यांना आपापला तुकडा हवा असेल तर वाटणीपत्र. घरांच्या वाटणीत दर २ टक्के आहे, पण तो सगळ्या मालमत्तेवर नाही. सर्वांत मोठा हिस्सा मूळचाच मानतात आणि त्यापासून 'वेगळ्या झालेल्या' हिश्शांवर शुल्क घेतात. साताऱ्यातला ९० लाखांचा वाडा तीन भावांनी सारखा वाटला, तर प्रत्येकाला ३० लाखांचा भाग. एक हिस्सा मूळचा धरायचा, उरलेल्या ६० लाखांवर २ टक्के, म्हणजे १ लाख २० हजार. तिघांनी वाटून भरले तर प्रत्येकी ४० हजार.

केवळ शेतजमिनीच्या वाटणीला मुद्रांक शुल्क नाममात्र, १०० रुपये आहे. पण नोंदणी शुल्क हजारांत जायचं, म्हणून शेतकरी वाटणी तोंडीच करून मोकळे होत आणि बांधावरची भांडणं पुढच्या पिढीला ठेवून जात. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालच्या वाटणीपत्रांचं नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. कुटुंबातल्या व्यवहारांसाठी गेल्या काही वर्षांत झालेल्या बदलांत हा सर्वांत उपयोगाचा म्हणावा लागेल.

'आमची वाटणी आधीच झाली होती, आम्ही फक्त आठवणीसाठी लिहून ठेवलं', असा एक जुना मार्ग वकील सुचवतात. त्याला आधार आहे: सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटलं, की कौटुंबिक तडजोड तोंडी होऊ शकते आणि आधी झालेल्या तडजोडीची नुसती नोंद असलेल्या कागदाला नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी आणि मुद्रांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यातली वाटणीपत्राची व्याख्या रुंद आहे. आधी झालेल्या वाटणीच्या अटी नोंदवणारा, हिस्सेदारांच्या सह्यांचा कागदही तिच्यात बसतो. नोंदणी टळली तरी शुल्क टळेलच असं नाही. आणि पुरेसं शुल्क न भरलेला कागद न्यायालय पुरावा म्हणून घेत नाही. भांडण झाल्यावर ज्या कागदाची गरज पडते, तोच तेव्हा फोल ठरतो.

शंका असेल तर सही करण्याआधी मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अभिनिर्णयासाठी देता येतो. किती शुल्क लागेल ते तो अधिकारी लेखी ठरवून देतो. फार कमी लोक हा मार्ग वापरतात.

चौकट: कोणता कागद, किती शुल्क

घर किंवा शेत पती, पत्नी, मुलं, नातवंडं, मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस: २०० रुपये, अधिक अधिभार

आईवडील, भाऊ, बहीण यांना बक्षीस, किंवा मुलाला दुकान: ३ टक्के, अधिक अधिभार

हयात मुलाची पत्नी, जावई, पुतण्या, भाचा यांना बक्षीस: खरेदीखताचा पूर्ण दर

वडिलोपार्जित मालमत्तेत जवळच्या नात्यात हक्कसोड: ५०० रुपये

घराची वाटणी: वेगळ्या झालेल्या हिश्शांवर २ टक्के, केवळ शेतजमिनीची: १०० रुपये

मृत्युपत्र आणि वारसा: शुल्क नाही

(दर बदलतात, दस्त करताना चालू दर पाहावा.)

मृत्युपत्र

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. ते साध्या कागदावर लिहिता येतं, नोंदणीही ऐच्छिक आहे. लिहिणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. ज्यांना मिळणार आहे त्यांनाच साक्षीदार करू नये. मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं आणि तोपर्यंत कितीही वेळा बदलता येतं, हा त्याचा मोठा गुण. उणीव एवढीच, की ते खरं की खोटं हा वाद सुरू होतो तेव्हा लिहिणारा उत्तर द्यायला नसतो.

सोसायटीत नॉमिनीचं नाव दिलंय म्हणजे झालं, हा समज अजून पक्का आहे. नॉमिनी मालक होत नाही. वारस ठरेपर्यंत तो त्यांच्या वतीने सांभाळणारा असतो.

आयकराचं थोडक्यात: जवळच्या नातेवाइकाकडून आलेल्या घरावर मिळकत म्हणून कर नाही. पुढे ते विकलं तर नफा मोजताना देणाऱ्याने मुळात घेतलेली किंमत धरतात. नवऱ्याने बायकोला दिलेल्या फ्लॅटचं भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजलं जातं.

दिलेलं घर परत हवं असेल तर

२०० रुपयांच्या सवलतीने एक चांगली गोष्ट केली. हयातीतच मुलांच्या नावे व्यवस्था करणं सोपं झालं. पण स्वस्त झाल्यामुळे घाईही वाढली. मृत्युपत्राने जे काम विनाशुल्क आणि बदलण्याच्या सोयीसह झालं असतं, ते अनेक वृद्ध आईवडील 'एकदाचं करून टाकू' म्हणून बक्षीसपत्राने करतात. बक्षीसपत्र एकतर्फी रद्द होत नाही. फसवणूक, जबरदस्ती सिद्ध झाली, किंवा देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली एखादी अट दोघांनी आधीच ठरवली असेल, तरच न्यायालयाकडे वाट आहे. मुलगा स्वतःहून परत द्यायला तयार झाला तरी ते नवं बक्षीस होतं, मुलाकडून आईला, आणि सुरुवातीचे ३ टक्के इथे पुन्हा उभे राहतात.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ च्या निर्वाह कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवण्याचा अधिकार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाला आहे. अडचण 'अट' या शब्दाची. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की हस्तांतर सांभाळण्याच्या अटीवर झालं होतं हे दाखवावं लागेल. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एका आईच्या बाजूने निकाल देताना हा कायदा वृद्धांच्या भल्यासाठी आहे, तो उदारपणे वाचला पाहिजे, असं सांगितलं आणि तिने मुलाला दिलेलं बक्षीस रद्द केलं. त्या प्रकरणात मुलाने सांभाळण्याचं लेखी वचन दिलेलं होतं.

म्हणजे अट लिहिलेली असणं हेच सर्वांत भक्कम. दस्तलेखकाकडचा छापील मसुदा 'प्रेमापोटी व आपुलकीने' एवढ्यावर संपतो. त्यात दोन ओळी वाढवायला जादा शुल्क लागत नाही: घेणारा देणाऱ्याचा निर्वाह, औषधपाणी आणि देखभाल करील या अटीवर हे बक्षीस दिलं आहे, आणि देणाऱ्याला याच घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील. ताबा स्वतःकडे ठेवून दिलेलं बक्षीसही वैध असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आहे, त्यामुळे राहण्याचा हक्क राखला म्हणून बक्षीस कच्चं होत नाही. या ओळी सहीआधी मसुद्यात आहेत का, हे आईवडिलांनी स्वतः वाचून पाहावं, दिसत नसेल तर मोठ्याने वाचून घ्यावं. नोंदणी झाल्यावर त्या घालायच्या तर चूकदुरुस्तीपत्रावर मुलाचीही सही लागते.